एकट्या आणि आजारी ज्येष्ठांच्या घरची आठवड्याची भेट: तयारीपासून सुपूर्द करण्यापर्यंत

गोव्यात जवळपास प्रत्येक वाड्यावर असं एखादं घर असतंच. मुलं आखातात, लंडनला किंवा बोटीवर, आणि मागे ऐंशीकडे झुकलेलं एक माणूस, फार तर दोघं. नाताळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात अशा घरी जायला उत्साही माणसं भरपूर मिळतात. आठ जणांचा जथा फळांची टोपली घेऊन जातो, मोठ्याने प्रार्थना होते, फोटो निघतो. मग जुलैच्या पावसात, जेव्हा लाईट जाते आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा कुणी फिरकत नाही.

बायबलमध्ये मत्तयाच्या २५ व्या अध्यायात आजाऱ्याचा समाचार घेणं हे भुकेल्याला जेवू घालण्याच्या आणि उघड्याला वस्त्र देण्याच्या रांगेत येतं. तेव्हा या भेटीलाही स्वयंपाकाइतकीच तयारी आणि क्रम हवा. हा लेख चर्चच्या समुदायातून, प्रार्थनागटातून किंवा शेजारधर्म म्हणून असं काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी आहे. बहुतेक गट तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बंद पडतात, आणि त्याचं मूळ पहिल्या दोन टप्प्यांतच सापडतं.

## टप्पा १: माणसं आणि वार ठरवा

येशूने शिष्यांना दोघादोघांना पाठवलं (मार्क ६:७). इथेही जोडीनेच जा. एक जण बोलतो तेव्हा दुसऱ्याला आजूबाजूला पाहता येतं, उचलायला दोन माणसं लागतात, आणि उद्या काही आळ आला तर साक्षीदार असतो. घरात बाई एकटी असेल तर जोडीत एक तरी बाई हवीच.

सुरुवात सहा माणसं आणि तीन घरं एवढ्यावर करा. एका जोडीला एकच घर. तीन महिने एकही वार न चुकता पार पडले, तरच दुसरं घर घ्या. शिवाय एक राखीव माणूस ठेवा. जोडीतला कुणी आजारी पडला तर तो जाईल, पण त्याची ओळख त्या घरी आधी करून दिलेली असली पाहिजे. दर वेळी नवा चेहरा दिसला की म्हातारं माणूस पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसतं आणि थकतं.

वार एकच, वेळ एकच, ४० ते ४५ मिनिटं. दुपारी एक ते चार हा विश्रांतीचा वेळ, तेव्हा दार वाजवू नका. साडेचार ते सहा ही सोयीची वेळ, चहा झालेला असतो आणि संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) सुरू व्हायची असते.

फादरांना आधी भेटा. आजाऱ्यांची यादी बहुधा त्यांच्याकडे असते, आणि सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी किंवा लिजन ऑफ मेरी या चर्चमधल्या गटांची माणसं काही घरी आधीपासून जात असतात. त्यांच्या घरावर दुसरी जोडी पाठवू नका.

तीन नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: कुणाचे पैसे, एटीएम कार्ड किंवा घराची किल्ली आपल्याकडे ठेवायची नाही, फोटो काढायचा नाही, घरात ऐकलेलं बाहेर, अगदी प्रार्थनेची विनंती म्हणूनसुद्धा, सांगायचं नाही. तिसरा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. "अमक्या आजींच्या मुलासाठी प्रार्थना करूया, तो घटस्फोट घेतोय" असं गटात म्हटलं की दोन दिवसांत वाड्याला कळतं, आणि आजी पुढच्या वेळी दार उघडत नाहीत.

तपासा: प्रत्येकाने पुढचे बारा आठवडे कॅलेंडरवर पाहिले का? ज्याला त्यातले तीन वार जमणार नाहीत, त्याला राखीव ठेवा.

## टप्पा २: यादी करा, आणि यादीतून कोण गळलं ते शोधा

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार ग्रीक बोलणाऱ्यांनी केली. आपल्याकडेही तेच होतं. कोकणी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) नेमाने येणाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. भाड्याच्या खोलीतलं मराठी किंवा कन्नड बोलणारं म्हातारं जोडपं, दुसऱ्या पंथाचं कुटुंब, भांडणामुळे चर्चला यायचं सोडलेला माणूस ही नावं यादीत येतच नाहीत.

म्हणून चर्चबाहेर विचारा: फार्मसीवाला, अंगणवाडीताई, मासे विकणारी बाई, लाईटचं बिल वाटणारा. सगळ्यात पक्की बातमी पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे असते. तो सकाळी दाराला टांगलेल्या पिशवीत पाव ठेवून जातो. दुसऱ्या दिवशी कालचे पाव तसेच पिशवीत दिसले, तर त्या घरात काहीतरी बिनसलंय हे वाड्यात पहिल्यांदा त्याला कळतं. जोडीचा फोन नंबर त्याला देऊन ठेवा आणि असं दिसलं की लगेच फोन करायला सांगा.

यादीत एवढंच असावं: नाव, वय, घरात कोण, मोठा आजार, डॉक्टर कोण, परदेशातल्या मुलाचा नंबर आणि तिथली वेळ, जादा किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे. धर्माचा रकाना ठेवू नका. यादी वहीत राहू द्या, व्हॉट्सअॅपवर टाकू नका.

## टप्पा ३: पहिली भेट, रिकाम्या हाताने

ओळखीच्या शेजाऱ्याला सोबत घ्या, आदल्या दिवशी फोन करा. बसा म्हटल्यावर बसा, आणि नजर सारख्या उंचीवर येईल अशी खुर्ची घ्या. अंथरुणावरच्या माणसाशी उभ्याने बोललात तर त्याला मान वर करून बोलावं लागतं. काय हाक मारू, हे विचारा. कुणाला आंटी आवडतं, कुणाला आजी, आणि निवृत्त शिक्षकांना बहुधा सर किंवा टीचरच.

मग विचारा: "आम्ही दर बुधवारी येऊ शकतो. तुमची जास्त अडचण कशात होते?" बार्तीमयाचं आंधळेपण सगळ्यांना दिसत होतं, तरी येशूने त्याला विचारलंच की मी तुझ्यासाठी काय करू (मार्क १०:५१). आणि उत्तरं खरोखर अनपेक्षित येतात. पायाची नखं कापायला वाकता येत नाही. संडासाच्या वाटेवरचा बल्ब गेलाय. सिलिंडरचा रेग्युलेटर फिरत नाही. २ नोव्हेंबरच्या आधी नवऱ्याची कबर साफ करायची आहे. शिधा क्वचितच कुणी मागतो.

शिध्याची पिशवी पहिल्या भेटीत नेणं ही नेहमीची चूक. मधुमेह्याच्या घरी दोन किलो साखर जाते, तांदळाला पोरकिडे लागतात, आणि आयुष्यभर स्वतःच्या हाताने दिलेलं माणूस एका क्षणात घेणारं होऊन बसतं. खरंच खायला नसेल तर ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतंच. तेव्हा नेमकं तेच आणा, आणि गाजावाजा न करता स्वयंपाकघरात ठेवा.

वीस मिनिटांत उठा. जमणार नाही त्याचं आश्वासन देऊ नका. "बघू" म्हटलेलं म्हातारी माणसं "करू" असं धरतात आणि वाट पाहतात. त्यांची परवानगी घेऊन मुलाला एक निरोप पाठवा: आम्ही कोण, कोणत्या वारी येऊ, पैसे घेत नाही.

"नको" म्हणाले तर नंबर ठेवून या. महिन्याने एकदा विचारा, त्यापलीकडे मागे लागू नका.

## टप्पा ४: नेहमीच्या भेटीचा क्रम

१. सर्दी-खोकला किंवा ताप असेल तर जाऊ नका, राखीव माणसाला पाठवा.

२. बेल वाजवली की दोन मिनिटं थांबा. पुन्हा पुन्हा वाजवलीत तर दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस घाईने उठतं आणि पडतं.

३. आत गेल्यावर साबणाने किमान ४० सेकंद हात धुवा.

४. पहिली दहा मिनिटं फक्त ऐका. तेवढ्यात जोडीतल्या दुसऱ्याने न बोलता पाहावं: आज चूल पेटली का, पावलं सुजलीत का, नवा काळा-निळा डाग, लघवीचा वास, ओली फरशी, सरकणारी पायपुसणी. कपाट किंवा फ्रिज न विचारता उघडू नका.

५. मग ठरलेलं एकच काम करा, आणि ते पूर्ण करा. दोन कामं अर्धवट टाकू नका. त्यांना जमेल तेवढा भाग त्यांनाच करू द्या, वेळ लागला तरी.

६. शेवटची पाच मिनिटं: पाणी हाताशी आहे ना, फोन चार्ज आहे ना, पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा.

७. बाहेर पडल्यावर वहीत तीन-चार ओळी. समोर बसून लिहू नका.

गोळ्यांबद्दल: गोळी सुरू करणं, थांबवणं, बदलणं हे आपलं काम नाही. पण एक गोष्ट जरूर पाहा. दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्या माणसाला एकच औषध दोन वेगळ्या नावांनी मिळालेलं असू शकतं. स्ट्रिपवर कंपनीने दिलेलं ब्रँडचं नाव वेगळं असतं, औषधाचं मूळ नाव वेगळं. ती मूळ नावं एका कागदावर उतरवा आणि कागद डॉक्टरांना दाखवायला घरच्यांना सांगा.

## टप्पा ५: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा

हे काम कुणाकडून तरी शिकून घ्या, आरोग्य केंद्रातल्या नर्सकडून मिळालं तर उत्तम. पहिल्या वेळी तिच्या समोर करा. प्रत्येक कृतीआधी काय करणार ते सांगा, माणूस बोलत नसला तरी. दार लोटून घ्या, आणि पुसताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करा.

कूस बदलणं. दाबाच्या जखमा माकडहाडावर, कमरेच्या बाजूला, टाचांवर आणि घोट्यांवर होतात. दर दोन तासांनी कूस बदलायची असते; आपण आठवड्यातून एकदा जाणार, म्हणजे खरं काम घरातल्या माणसाला किंवा कामवाल्या बाईला शिकवणं हे आहे. पूर्ण आडवं कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवा, म्हणजे कमरेच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी अशी द्या की टाचा गादीला टेकणारच नाहीत. वर सरकवताना ओढू नका. खाली घातलेल्या चादरीच्या कडा दोघांनी दोन बाजूंनी धरून उचला. ओढण्याने कातडी सोलते.

लाल डाग दिसला तर बोटाने दाबा आणि सोडा. दाबल्यावर तो क्षणभर पांढरा झाला तर त्या जागेचा भार काढा आणि पुन्हा पाहा. लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अंग सावळं असेल तर लाली दिसत नाही. तिथे हात लावून पाहा, आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतं का.

चूक: लाल जागी तेल चोळणं. प्रेमाने केलं जातं, पण आतली इजा वाढते. मधे भोक असलेली गोल रबरी उशीही वापरू नका, तिच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचं रक्त अडतं.

पावसाळ्यात गादी दमट होते आणि घामाने कातडी भिजलेली राहते. बगल, जांघ, स्तनांखालचा भाग पुसून पूर्ण कोरडा करा, पावडरचे थर लावू नका. गादीवर प्लास्टिक असेल तर त्यावर सुती चादर हवीच.

भरवणं. झोपवून कधीही भरवू नका. पाठीला उशा देऊन जमेल तितकं ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. कवळी बसवली का ते पाहा. लहान चमचा, अर्धा भरलेला. गिळल्याची हालचाल गळ्यावर दिसली की पुढचा. उकड्या तांदळाची पेज देताना एक गोष्ट सांभाळा: पाणी वेगळं आणि शीत वेगळं असं एकाच घासात गेलं की ठसका लागतो. शितं चांगली घोटून एकजीव करा. खाल्ल्यावर ३० मिनिटं बसवून ठेवा. गुंगीत असेल तर भरवूच नका. पाण्याने खोकला येतो, आवाज ओला-घरघरता होतो असं दिसलं तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. "थोडं तरी खा" हा आग्रह इथे फुप्फुसात अन्न घालतो.

लघवीची पिशवी कायम ओटीपोटाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला टेकणार नाही अशी टांगा. माणसाला हलवताना ती पोटावर ठेवू नका, लघवी उलटी जाते.

सांभाळणाऱ्याकडे पाहा. सून, मुलगी किंवा म्हातारा नवरा दिवसरात्र हे करत असतो. अनेक घरी खरी सेवा म्हणजे त्या माणसाला चाळीस मिनिटं झोपायला किंवा बाजाराला जाऊन यायला सोडणं. पहिल्याच महिन्यात हे विचारा.

## टप्पा ६: कागद आणि पैसा

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना महिना २,००० रुपये मिळतात आणि ते चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दाखला राहिला की पैसे थांबतात, आणि घरातल्यांना ते काही महिन्यांनी कळतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्डही नूतनीकरणाअभावी पडून असतं. त्यात तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे उपचार आहेत. कार्डाची मुदत पाहा, आजारपण आल्यावर धावपळ नको.

आपलं काम तारीख सांगणं, फॉर्म वाचून दाखवणं, सोबत जाणं एवढंच. बँकेतून पैसे काढायला एकट्याने जाऊ नका. कोणत्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका, मृत्युपत्रावर तर नाहीच. गोव्यात वारसा आणि घराचे हिस्से यावरून भावाभावांत वाद असतात. "कुणाचं बरोबर" हे विचारलं तर उत्तर न देता वकिलाकडे पाठवा. औषधं आणून दिली तर बिल आणि उरलेली चिल्लर तिथल्या तिथे हातात द्या.

## टप्पा ७: प्रार्थना केव्हा आणि कशी

विचारून. घर हिंदू किंवा मुसलमान असेल तर प्रार्थनेचा विषय आपण काढायचा नाही, पत्रक ठेवायचं नाही. भेट हे धर्मांतराचं आमिष आहे अशी शंका जरी आली तरी माणूस मदत मागायचं सोडतो. त्यांच्यासाठीची प्रार्थना आपल्या घरी गुडघे टेकून करा.

ख्रिस्ती घरात त्या माणसाने लहानपणी ज्या भाषेत प्रार्थना शिकली त्याच भाषेत म्हणा. स्मृती गेलेलं माणूस नव्या भाषेतल्या प्रार्थनेला गप्प राहतं, पण कोकणीत 'आमच्या बापा' किंवा मराठीत 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' सुरू केलं की ओठ हलू लागतात. एक प्रार्थना आणि दोन ओळी वचन पुरे. पाच मिनिटांच्या वर नेऊ नका. "देवाची इच्छा" आणि "विश्वास ठेवा, बरे व्हाल" ही दोन वाक्यं टाळा. बरं न झालेलं माणूस मग आपलाच विश्वास कमी पडला असं धरून बसतं.

कॅथॉलिक आजाऱ्याला कोम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) हवं असेल तर फादरांना कळवा. ते स्वतः येतात किंवा नेमलेला सेवक पाठवतात. वृद्ध आणि आजारी माणसाला, आणि त्याला सांभाळणाऱ्यालाही, कोम्युनियनआधीच्या एक तासाच्या उपवासाची अट नाही, त्यामुळे गोळी आणि नाश्ता रोखून धरू नका. टेबलावर स्वच्छ पांढरं कापड, मेणबत्ती आणि थोडं पाणी ठेवा. गिळायला त्रास होत असेल तर आधीच सांगा, म्हणजे लहान तुकडा देता येतो. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार फक्त धर्मगुरूच देतात, आणि तो शेवटच्या श्वासापर्यंत थांबवायचा नसतो. शुद्धीत असताना, बोलता येत असताना फादरांना बोलवा.

## टप्पा ८: संकट आलं तर

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतं: लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. शेवटचं नीट केव्हा पाहिलं ती वेळ लिहून घ्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. तोंडात पाणीसुद्धा घालू नका.

मधुमेही माणूस घामाघूम, थरथरतंय, असंबद्ध बोलतंय: शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही नको, १०८.

पडलं: हात धरून उचलू नका. जांघेत दुखतंय, किंवा एक पाय आखूड होऊन बाहेर वळलाय, तर खुबा मोडलेला असू शकतो. तिथेच ठेवा, पांघरूण घाला, १०८.

रुग्णालयात न्यायला तयार पिशवी हवी: आधार, स्वास्थ्य कार्ड, औषधांच्या नावांचा तो कागद, चष्मा, कवळी, एक चादर. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) सोबत कोण थांबणार हे आजच ठरवा.

मारहाण, उपाशी ठेवणं, पेन्शन काढून घेणं असं दिसलं तर घरातल्यांशी तिथेच वाद घालू नका, त्याचा राग रात्री म्हाताऱ्यावर निघतो. ज्येष्ठांच्या १४५६७ हेल्पलाइनवर बोला. जिवाला धोका असेल तर ११२ हा आपत्कालीन नंबर.

## टप्पा ९: सुपूर्द करणं

येशूच्या दृष्टांतातल्या शोमरोनी माणसाने वाटेत सापडलेल्या जखमीला सरायवाल्याच्या हवाली केलं, दोन दीनार दिले, परत येईन म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला (लूक १०:३५). जोडीतला कुणी गाव सोडणार असेल, थकला असेल, तर किमान तीन भेटी नव्या माणसाला सोबत न्या आणि मगच थांबा. न सांगता थांबणं सगळ्यात वाईट. म्हातारं माणूस आपलं काय चुकलं हे शोधत राहतं.

दर तीन महिन्यांनी सगळ्या जोड्या एकत्र बसा, वही वाचा, प्रत्येक घराबद्दल विचारा: अजून यायला हवं का, आठवड्यातून दोनदा हवं का, आता घरात कुणी आलंय म्हणून थांबावं का. त्याच बैठकीत यादीतून सुटलेलं एक नवं घर शोधायचं काम कुणाला तरी द्या.

त्या घरी मृत्यू झाला तर दफनाच्या गर्दीत खुर्च्या मांडायला माणसं मिळतात, सातव्या दिवसाच्या मिस्सालाही. भेटीचा वार मात्र पुढचे सहा महिने चालू ठेवा, आता मागे राहिलेल्या जोडीदारासाठी किंवा रिकाम्या झालेल्या त्या सुनेसाठी. पहिल्या आठवड्यात एवढंच काम: उरलेली औषधं वेगळी काढायला मदत करणं, भाड्याची खाट आणि ऑक्सिजन परत पाठवणं, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती घ्यायला सांगणं, कारण बँक, पेन्शन, विमा आणि रेशन कार्ड प्रत्येक ठिकाणी एक लागते.